बाई कुठं बसली

आमच्या बैठकीत एक खुर्ची आहे. तिच्यावर पाहुण्यानं बसायचं नाही, कुणी वाळलेले कपडे टाकायचे नाहीत आणि ट्यूबलाइट बदलायची असली तरी तिला हात लावायचा नाही. मंगरूळपीरात आल्यागेल्याला "त्या खुर्चीवर नका बसू" म्हणणं म्हणजे उगीच भांडण विकत घेणं. म्हणून मी तिच्यावर एक उशी उभी करून ठेवते. लोकांना वाटतं, घरात कुणाचं तरी कमरेचं दुखणं आहे.

दुखणं आहेच, पण कमरेचं नाही. माझ्या नवऱ्याला, उत्कर्षला, गाणं ऐकायचा नाद आहे. गाणं सगळेच ऐकतात, पण ह्याला ते मापात लागतं. तो भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे. लोकांची शेतं मोजतो, हद्दी कायम करून देतो. भाजीत मीठ कमी पडलं तर तो निमूट जेवतो, पण भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं असलं तर त्याचा घास अडतो.

त्याचे दोन स्पीकर आहेत. आतला माल त्यानं बाहेरून मागवला आणि खोके गावातल्याच सुताराकडून सागवानाचे करून घेतले. सुताराला ते शेवटपर्यंत देवघर वाटत होते. घरात आम्ही त्यांना डबे म्हणतो. एक जुना, वजनानं धोंड्यासारखा अम्प्लिफायर आहे आणि तबकडी फिरवायचं यंत्र आहे. दोन डब्यांचा आवाज जिथं नेमका एकत्र येतो, अशी खोलीत एकच जागा असते म्हणे. तिथं ही खुर्ची. तिच्यावर बसून डोळे मिटले की डबे कुठं आहेत ते कळेनासं होतं, आणि गाणारी बाई दोघांच्या मधोमध येऊन बसते.

मधोमध म्हणजे फोटोखाली. समोरच्या भिंतीवर बरोबर मध्ये तथागत आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, खाली मेणबत्ती लावायची लहानशी फळी. उजव्या हाताला खिडकी, डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. ही मांडणी नीट सांगते आहे, कारण पुढं सगळं ह्याच तीन जागांवरून झालं.

बाई म्हणजे एका जुन्या तबकडीवरची गाणारी. मागं एक सारंगी, एक तबला, बाकी काही नाही. तिचं नाव, घराणं, गुरू सगळं उत्कर्षनं आम्हाला अनेकदा सांगितलं. आम्ही तिला बाईच म्हणतो. लग्नानंतर नवऱ्यानं घरात दुसरी बाई आणली, असं मी पतसंस्थेत काउंटरवर बसल्याबसल्या मैत्रिणींना सांगते, आणि त्यांचे चेहरे बघते.

नादिष्ट माणसं काही दार लावून घेतात, काही घरादाराला हाताला धरून आत ओढतात. उत्कर्ष ओढणारा. "एकट्यानं आयकलं तं एकट्यानं जेवल्यावानी वाटते," असं तो म्हणतो. म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाली की उशी बाजूला व्हायची आणि एकेकाला खुर्चीवर बसावं लागायचं.

त्यातही त्यानं मोजणीचीच रीत आणली होती. बांधाच्या वादात तो शेजाऱ्यांना एकत्र उभं करून विचारत नाही. एकेकाला बाजूला घेतो आणि म्हणतो, बोलू नका, नुसतं बोट दाखवा, तुमची हद्द कोठून जाते. बोलायला लावलं की माणूस समोरच्याकडं बघून बोलतो, बोट मात्र आपल्या मनातलं दाखवतं, हा त्याचा अनुभव. घरातही तेच. "डोये मिटा. बोलू नका. बाई कोठी बसली ते बोटानं दाखवा."

पहिल्यांदा माझे सासरे, ग्यानबा, बसले. त्यांनी आयुष्यभर गाणं ऐकलं ते उरुसात नाहीतर जयंतीच्या मिरवणुकीत, म्हणजे छातीत धडधड होईल असं. त्यांनी डोळे मिटले, बोट सरळ फोटोखाली गेलं आणि ते दचकून उठले.

"अरे बाप्पा! हे तं समोर येऊन बसली."

सासूबाई, म्हणजे भागिरथाबाई, त्यांना मी आई म्हणते. त्यांनीही बोट फोटोखाली नेलं, मग डोळे न उघडता विचारलं, "बाईले च्या ठेवू का?" आमची साक्षी तेव्हा चौथीत होती. ती म्हणाली, बाईच्या बांगड्या वाजतात. खरंच वाजत होत्या, उत्कर्षलासुद्धा त्या आधी ऐकू आल्या नव्हत्या. त्या दिवशी तो इतका खूश होता की संध्याकाळी भांडी त्यानं घासली.

खोटं कशाला बोलू, मलाही आवडायला लागलं. बाई फोटोखाली बसायची, सासरे मान डोलवायचे, आई निवडायचं सूप घेऊन भिंतीला टेकायच्या. चौघापाच जणांच्या घरात सगळ्यांना एकाच वेळी आवडेल अशी गोष्ट किती असते? आमच्यात पिठलं आणि ही बाई.

हे असं छान चाललं होतं. मग बाई सरकायला लागली.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते फरशी पुसताना. डब्यांची जागा ठरलेली राहावी म्हणून उत्कर्षनं फरशीवर काळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. डाव्या डब्याची पट्टी होती तिथंच होती. उजव्याची उचलून पुढं लावलेली दिसली, मागं चिकट रेघ राहिली होती. पुढच्या महिन्यात आणखी एक रेघ. दिवाळीपर्यंत तिथं नांगरल्यासारख्या रेघा झाल्या. आमच्याकडं बांध कोरणारा शेजारी असतोच. तो एका साली काही घेत नाही, दरसाल नांगराचं एक तास घेतो. उजवा डबा तसा खुर्चीकडं येत चालला होता.

एका रविवारी साक्षीनं डोळे मिटले आणि तिचं बोट फोटोखाली न जाता खिडकीकडं गेलं.

"लक्ष नाई तुह्यं," उत्कर्ष म्हणाला. "मोबाइल ठेव तो, अन् मंग आयक."

तिनं मोबाइल ठेवला, परत डोळे मिटले आणि परत खिडकी दाखवली. सासऱ्यांनी पण खिडकी दाखवली. मी बसले, तर बाई खरोखर खिडकीच्या पडद्याला टेकून गात होती.

उत्कर्षनं टेप आणली आणि मोजलं. टेपनं सांगितलं, उजवा डबा फार पुढं आला आहे. तो डबा मागं नेऊन खुर्चीवर बसला, ऐकलं आणि मान हलवली. "नाई. असं ठेवलं तं बाई सैपाकघरात जाते." मग त्यानं खिडकीला जाड पडदा लावला. मग दारालाही लावला. मग खोलीचाच दोष काढला, ही खोली गुण्यात नाही म्हणाला. गुण्यात असणं म्हणजे काटकोनात असणं. सासऱ्यांनी ही खोली उभी राहून बांधून घेतलेली. ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. शेवटी टेप कपाटात गेली. ज्या माणसानं गावोगाव टेपेवर विश्वास ठेवा म्हणून सांगितलं, तो घरात म्हणाला, "कानापेक्षा टेप मोठी नाई."

रविवार मग जड व्हायला लागले. एकेकानं बसायचं, बोट दाखवायचं, त्याचं तोंड पडायचं, आणि पुढचा अर्धा तास डबे सरकवण्यात जायचा. हे बघवेना तेव्हा आईंनी तोडगा काढला. तो अंघोळीला गेला असताना त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात गोळा केलं.

"फोटोखाली दाखवून द्या न बाप्पा. लेकरू कवापासून खपून राह्यलं. आपलं काय जाते?"

"मी आजपर्यंत कोणाच्या बांधावर खोटी साक्ष नाई देल्ली," सासरे म्हणाले.

"हा बांध हाये का? बाई हाये."

सासऱ्यांना हे पटलं. साक्षीला पटलं नाही, पण आजीनं तिला शेंगदाण्याच्या चिक्कीवर पटवलं. मला विचारलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, असं म्हणायला जागा आहे. पण विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. पुढच्या रविवारी चौघांची चार बोटं फोटोखाली गेली.

उत्कर्षचा चेहरा बघायचा होता. "पाह्यलं? मी म्हणत नव्हतो? पडद्याचाच फरक होता."

इथं एक सांगायला पाहिजे. मोजणीवरून आला की तो नेहमी एकाच तऱ्हेच्या माणसाला शिव्या देतो. भांडणाऱ्याला नाही. जो पंच लिहाजापायी हो म्हणतो, त्याला. "समोरच्याचं मन राखाले मान हलवते, अन् मंग दोन घरं जलमभर कोर्टात जातात. भांडणारा परवडला, हा नाई परवडत." हे आम्ही जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं की साक्षी त्याची नक्कल करायची. आणि त्याच्याच घरात आम्ही चार पंच बसवले होते, चौघंही लिहाजवाले. उजवा डबा पुढंच येत राहिला. आम्ही बोट फोटोखाली दाखवत राहिलो.

मला बाकीचं दिसत नव्हतं असं नाही. फोन तो पूर्वी उजव्या कानाला लावायचा, आता डाव्या कानाला लावायला लागला होता. जेवताना त्यानं पाट बदलला, आईंना डाव्या हाताला घेतलं. उजवीकडून हाक मारली की भलतीकडं बघायचा आणि म्हणायचा, "कोण?" माणूस चाळिशीला आला की थोडं असं होतंच, असं मी स्वतःला सांगत होते. स्वतःला सांगायला मला चिक्कीसुद्धा लागली नाही.

मग जऊळक्याची गोष्ट झाली. उत्कर्ष आणि साक्षी त्या गावी त्याच्या मावशीकडं गेले होते, मोटरसायकलवर. परतल्यावर साक्षी घरात आली ती चप्पल घालूनच, आणि सरळ माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"मम्मी, मांगून, उजव्या बाजूनं ट्रक येत होता. लय हारन वाजवून राह्यला होता. पप्पानं गाडी त्याच्याच अंगावर घेतली. मी पाठीवर बुक्के मारले तवा त्याईनं पाह्यलं."

"हारन आयकूच नाई आला?"

"नाई. अन् मंग मलेच म्हणे, हा कोठून आला?"

ती रडली नाही. मी तिला पाणी दिलं. बाई खिडकीत बसो की झाडावर, मला काय. पण मागच्या सीटवर माझी लेक होती.

उत्कर्ष हातपाय धुऊन आला तेव्हा मी म्हणाले, "अकोल्याले जाऊन कान दाखवून या."

"कान?" तो हसलाच. "माह्ये कान?"

"उजव्या कानानं कमी येते तुमाले. ट्रकचा हारन नाई आला."

"वारं होतं, सपना. अन् माह्या कानात खोट असती तं बाई जाग्यावर कशी बसली असती? एका कानानं कमी आलं तं पह्यले ते सरकते. कोणालेही इचार." आणि त्यानं खरंच विचारलं. जिथं होता तिथूनच हाक मारली. "माय! सांग इले, परवाच्या रविवारी बाई कोठी होती?"

आई दारात आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, साक्षीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "फोटोखाली."

"बाबा?"

"फोटोखालीच होती," सासरे बाजेवरून म्हणाले.

"साक्षी?"

साक्षीनं आजीकडं पाहिलं आणि तेच उत्तर दिलं जे आम्ही तिला शिकवलं होतं.

"आता बोल," उत्कर्ष मला म्हणाला, आणि टॉवेल दोरीवर टाकून चहा मागितला.

मला राग आला. त्याचा नाही. आमच्या चांगुलपणाचा आला. आईंच्या लेकराचं मन मोडू नये म्हणून केलेली गोष्ट त्याच लेकराच्या हातात दाखला म्हणून गेली होती, आणि तो दाखला घेऊन तो उद्या परत गाडीवर बसणार होता. मी चहा ठेवला. आई मागं येऊन उभ्या राहिल्या. ट्रकचं त्यांना तेव्हाच कळलं होतं, आतून ऐकू आलं होतं.

"मीच इस्कटलं न हे," त्या म्हणाल्या. "मलेच निस्तरा लागन."

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पावसाळ्यातल्या पौर्णिमेला आमच्या बैठकीत गल्लीतली माणसं वंदनेला आणि ग्रंथवाचनाला जमतात. माणसं संध्याकाळी येतात, पण आई दुपारीच तयार होतात. त्या दिवशीही पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून त्या बैठकीत आल्या. उत्कर्ष सतरंजी आणायला उठत होता.

"बस जरासा," आई म्हणाल्या. "तुह्या खुर्चीवर बस. आज तुही बाई नको. आज मी गातो."

"तू?"

"काहून? मी का मुकी हाये? दयनावरच्या ओव्या येतात मले. तू लहान असतानी मांडीवर झोपत होता आयकून. डोये मीट. बोलू नोको. बोटानं दाखव मी कोठी हाये ते."

उत्कर्षला हे फार आवडलं. आपला नाद आईला इतका लागला, असं त्याला वाटलं असणार. उशी काढून तो बसला, पाठ सरळ केली आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर हसू होतं.

आई अनवाणी चालत फोटोखाली गेल्या आणि फळीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज काही गाण्याचा नाही. जुनी ओवी, त्यांच्या आईकडून आलेली, पीठ पडत असल्यासारखी एका लयीत चालणारी. त्यांनी पहिली ओळ म्हटली.

उत्कर्षचं बोट वर गेलं. सावकाश, हसत, खात्रीनं. स्वयंपाकघराच्या दाराकडं.

आईंनी दुसरी ओळ म्हटली. बोट तिथंच होतं. तिसऱ्या ओळीला आईंचा आवाज फुटला, तेव्हा त्यानं डोळे उघडले. बोट दाराकडं, आणि आई फोटोखाली.

"माय, तू सरकली का?"

"नाई बाबू."

मग म्हणाला, "पुन्हा." ह्या वेळी सासरे उभे राहिले. "उत्कर्ष, ए उत्कर्ष," एवढंच म्हणाले. बोट दाराकडं. मग साक्षी उभी राहिली आणि तिनं शाळेतली कविता म्हटली. बोट दाराकडं. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतं म्हणाले, "मी हाये," आणि त्यानं डोळे न उघडता, फार हळू, बोट दाराकडून उचलून फोटोकडं नेलं. त्याला तिथं ऐकू आलं म्हणून नाही. त्याला कळलं होतं म्हणून.

डोळे उघडल्यावर तो फरशीवरच्या रेघांकडं बघत राहिला. मोजणीदाराला आणखी काय सांगायचं? त्यानं एकच विचारलं.

"बाई कवापासून खिडकीत बसली हाये?"

"दिवाळीपासून," साक्षी म्हणाली. तिला खरं बोलायची घाई झाली होती.

"अन् तुमी सारे," तो म्हणाला. उठला, सतरंजी आणली, स्वतःच अंथरली. संध्याकाळी माणसं आली, वंदना झाली, वाचन झालं. तो सगळ्यांत मागं, उजवा कान भिंतीकडं करून बसला होता.

अकोल्याला मी बरोबर गेले. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. उत्कर्षनं त्या माझ्याआधी वाचल्या. "एक बांध सरय चालला, अन् दुसरा नाल्यात उतरला," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानाची नस अशक्त झाली आहे. कारण सांगता येत नाही, कित्येकांचं सांगता येत नाही. गेलं ते परत यायचं नाही, असलेलं जपायचं. कानात यंत्र लावा, गाडीला मोठे आरसे लावा. लवकर आला असता तर काही फरक पडला असता का, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. मी ते वाक्य घेऊन घरी आले. अजून कुठं ठेवावं ते मला कळलेलं नाही.

यंत्र आलं, आरसे लागले. डब्यांवर उत्कर्षनं चादर टाकली आणि खुर्ची भिंतीला लावली. पहिल्यांदाच तिच्यावर वाळलेले कपडे पडले. आमच्यावर तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. कामावर जायचा, यायचा, जेवायचा. रविवारची दुपार लांब आणि रिकामी पडायला लागली. आई सूप घेऊन भिंतीला टेकायच्या आणि चादरीकडं बघत निवडायच्या. एकदा सासरे न राहवून म्हणाले, "ते बाई कोठी गेली असन बाप्पा आता?" आईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

मला बाईची आठवण यायची, हे मी कबूल करते. पण त्याहून जास्त त्या माणसाची यायची, जो बांगड्या ऐकू आल्या म्हणून भांडी घासायला बसला होता.

पावसाळा सरला, सोयाबीन निघालं, मोजणीचे दिवस सुरू झाले. एका रविवारी जेवण झाल्यावर उत्कर्ष उठला आणि कपाटातून टेप काढली. चादर घडी करून ठेवली. खुर्चीवरचे कपडे माझ्या हातात दिले. मग गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही डबे मोजून जागेवर आणले, उजवा डबा सगळ्या रेघा ओलांडून मागं गेला, अगदी पहिल्या रेघेवर. नवी पट्टी चिकटवून त्यानं अंगठ्यानं दाबली.

"माय, ये. बस."

"मी?"

"तूच. पण एक सांगतो. मन राखाले दाखवायचं नाई. आता माह्याजवय दुसरं माप नाई. तुह्यं बोटच माप हाये. खोटं दाखवशीन तं मी आंधयावानी डबे सरकवत बसन."

आई खुर्चीवर बसल्या. पदर नीट केला, डोळे मिटले. उत्कर्षनं तबकडी लावली. सारंगी सुरू झाली, मग बाईनं स्वर लावला. साक्षीनं माझा हात धरला. टेपेचं माप बरोबर होतं, डबे जागेवर होते, त्यामुळं बोट कुठं जायला हवं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आईंचं बोट वर गेलं आणि फोटोच्या अलीकडं थांबलं. खिडकीच्या बाजूला, वीतभर.

"जराशी तिकडंच हाये अजून," आई म्हणाल्या. "तुले वाईट वाटन, पण हाये."

उत्कर्षनं टेपेकडं पाहिलं, आईंच्या बोटाकडं पाहिलं. टेप गुंडाळून खिशात टाकली आणि उजवा डबा बोटभर मागं सरकवला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना बघत होते.

"आता?"

"अजून. हां. बस, बसली."

"लिहाजापायी म्हणून राह्यली का?"

"नाई रे बाप्पा. बसली. बांगड्या वाजून राह्यल्या." मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "तुले कोठी दिसते?"

तो खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसला होता. थोडा वेळ त्यानं खरंच ऐकलं.

"मले? मले तं ते सैपाकघराच्या दारात उभी हाये."

"मंग च्या घेऊनच येईन ते," सासरे म्हणाले.

आम्ही हसलो, तोही हसला. मग गाणं पुढं चाललं. उत्कर्षनं डोळे मिटले नव्हते. तो आईंच्या बोटाकडं बघत होता, बोटावरून फोटोखाली, आणि परत बोटाकडं. तबकडीची ती बाजू बरीच मोठी होती. गाणं संपेपर्यंत आईंनी बोट खाली घेतलं नाही.